पुढचं कुठलं, मागचं कुठलं

मार्थाआक्कावर माझा राग आहे. ती गेली तरी तो गेलेला नाही. ती गेल्याचं मला तिला पुरून झाल्यावर कळलं, तेही निपाणीतल्या माझ्या दुकानात बनियन घ्यायला आलेल्या एका बेळगावच्या ड्रायव्हरकडून. "कॅम्पातली ती मढी तयार करणारी म्हातारी खपली की," एवढं बोलून तो बनियनचा गळा ताणून बघू लागला. त्या माणसाला मी त्या दिवशी किमतीत काही सोडलं नाही.

ड्रायव्हर बोलला ते खरं होतं. मढी तयार करणं हेच तिचं काम होतं. नोकरी म्हणाल तर मिशनच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात आया. पण बेळगावच्या कॅम्पात आणि आसपासच्या ख्रिस्ती घरांत बाई गेली, की आधी पाळकसाहेबांना निरोप जायचा आणि लगेच मार्थाआक्काला. आंघोळ घालायची, केस विंचरायचे, लग्नातली पांढरी साडी नाहीतर झगा चढवायचा, पायांत मोजे घालायचे आणि मगच घरच्यांना आत बोलवायचं. ठेंगणी, रुंद खांद्यांची, तळव्यांना कायम औषधी साबणाचा वास. तिचं मराठी आमच्यासारखंच, निपाणीकडचं. "आमच्या आज्ज्यानं धर्म बदलला, जीभ न्हाय," असं ती म्हणायची.

मी तिला भेटलो तेव्हा कॅम्पात फुटपाथवर बसत होतो. बाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत खोकून खोकून गेला आणि आई विड्या वळत राहिली. मी बनियन-मोज्यांचं गाठोडं घेऊन बेळगावला आलो. मला कुणी हात दिला नाही. पोलिसानं उठवलं की उठायचो आणि तो वळला की पुन्हा बसायचो. पुढे छोटा गाळा मिळाला. तो मिळवताना बाजारातल्या मोठ्या दुकानदारांनी काय काय केलं ते मला अजून पाठ आहे, पण तो विषय वेगळा.

फुटपाथवर होतो तेव्हाच ती पहिल्यांदा आली आणि पांढरे बायकी मोजे मागितले. मी सवयीनं किंमत चढवून सांगितली. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, मग आपण थोडं उतरायचं, अशी आमची रीत. तिनं मोजे उजेडात धरले, पंजात हात घालून बोटं पसरून बघितली, सांगितले तेवढे पैसे दिले आणि निघाली. मला वाईट वाटलं. पैसे जास्त मिळाले, पण भांडायला मिळालं नाही.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी मुलासाठी, डेव्हिडसाठी, बनियन हवं होतं. मी किंमत सांगितली आणि ती जी तुटून पडली!

"ह्येला बनियन म्हणतोस व्हय रं? ह्यातनं डास जातंय आरपार."

"आक्का, वारं लागतंय म्हणून तसलं विणलंय."

"मग वाऱ्याचंच पैसे घे. कापडाचं कशाला मागतोस?"

अर्धा तास आम्ही भांडलो. माझ्या आयुष्यात मला हरवणारी माणसं थोडी, त्यात ती पहिली. शेवटी मी विचारलं, "मग त्या दिवशी मोज्याला गप का बसलासा?"

"ते मढ्याचं होतं," ती म्हणाली. "मढ्याच्या कापडाला घासाघीस करायची नस्ती. मेलेलं ऐकत असतंय."

तेव्हापासून मला तिचं गणित समजलं. ती दुकानात येऊन भांडायला लागली, की समजायचं कॅम्पात सगळ्या जित्या आहेत. ती निमूट पैसे काढायला लागली, की मी हातातलं काम ठेवायचो आणि विचारायचो, "कोण गेलं, आक्का?" मग ती नाव सांगायची. बऱ्याचदा गेलेली बाई माझी गिऱ्हाईकच असायची.

माझ्याकडून तिचं एक काम नेमानं व्हायचं. मी निपाणीला गेलो की तिच्यासाठी तपकिरीची डबी आणायचो. मढ्याच्या खोलीत शिरण्याआधी ती चिमूट ओढायची, दोन शिंका द्यायची आणि तळहात एकमेकांवर घासत उभी राहायची. ते हात घासणं मला कळत नव्हतं. एकदा विचारलं, तर म्हणाली, "गार हात लावू नये. जित्या बाईला तू गार हात लावशील का?" मी म्हटलं, मेलेलीला काय कळतंय? त्यावर ती माझ्याकडं अशी बघून राहिली की मी नजर वळवली.

आता त्या गठ्ठ्याविषयी सांगतो. आमच्या धंद्यात मुंबईहून बंद गठ्ठे यायचे. वर लिहिलेलं एक आणि आत निघायचं दुसरंच, आणि शिवण उसवली की माल परत नाही. एका गठ्ठ्यात बनियन आहेत म्हणून मी हौसेनं उचलला. वरचा थर बनियनचा. खाली निघाले कमरेपर्यंतचे बायकी मोजे, पांढरे आणि कातडीच्या रंगाचे, परदेशी पाठवायला केलेले आणि नापास झालेले. पॅन्टीहोज असं त्याचं नाव मला नंतर कळलं. मी त्यांना चड्डीमोजे म्हणायचो. पाकिटातून काढलं तर सापाच्या कातीसारखं लोंबणारं दोन पायांचं काहीतरी. नापास म्हणून कमरेच्या आतल्या लेबलाच्या चिठ्ठ्या कापलेल्या. पुढचं कुठलं, मागचं कुठलं, कळायला खूणच नाही. त्या मुंबईवाल्याला मी ट्रंककॉल लावून इतक्या शिव्या दिल्या की टेलिफोनवाली बाई मध्येच म्हणाली, "साहेब, लाइन सरकारी आहे."

दवाखान्यातल्या नर्सनी एकेक जोडी नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणली. "चालताना पीळ पडतोय, गुडघ्यात गोळा होतंय, कमरेतनं खाली येतंय," अशा तक्रारी. बायकांच्या अंगावरच्या कपड्याविषयी मी पुरुष माणूस काय सांगणार? मी चिडून सगळी पाकिटं वरच्या फळीवर फेकली.

मार्थाआक्कानं ती तिथं बघितली. त्या दिवशी ती भांडायला आली होती, म्हणजे सगळं ठीक होतं. "खाली काढ ते," म्हणाली. एक पाकीट फोडून तिनं मोजा काउंटरवर पसरला, मग कंबर दोन्ही हातांनी धरली आणि पोटावरची शिवण नि पाठीवरची शिवण एकमेकींना भिडवून दुमडला. एक शिवण बोटभर जास्त निघाली.

"ही मागची," ती म्हणाली. "बाईला माघारी बूड असतंय की न्हाय? तेवढं कापड तिथं जास्त लागतंय. आणि ह्यो दोन पायांमधला तुकडा बघ, एकीकडं निमुळता, एकीकडं रुंद. रुंद बाजू माघारी. आणि टाच. उजेडात धर, टाचेला दाट विणलंय. एवढं बघितलं की झालं."

"तुमाला कसं ठावं?"

"मी घालतेय न्हवं दुसऱ्यांस्नी. स्वतःच्या पायात घातलं तर उलटं सुलटं लगेच कळतंय, टोचतंय, माणूस काढून परत घालतंय. मी ज्यांस्नी घालते त्या बोलत न्हाईत. मग मलाच आधी बघाय नको?"

त्यानंतर मी प्रत्येक जोडीला मागच्या शिवणीवर लाल दोऱ्याचा एक टाका घातला आणि त्याच नर्सना पुन्हा विकली. फळी जवळजवळ रिकामी झाली, थोड्या जोड्या मी आक्कासाठी ठेवल्या. त्या बाबतीत तिचे उपकार मी नाकारत नाही.

एक प्रसंग मी स्वतः बघितला आहे. कॅम्पात एक निवृत्त शिक्षिका होत्या, आयुष्यभर झगा आणि लांब मोजे घालणाऱ्या. त्या गेल्या तेव्हा चड्डीमोज्याची जोडी पोचवायला मी गेलो होतो. पावसाळी हवा, कबरस्तानात खड्डा खणून झालेला, बाहेर पुतणे घड्याळ बघताहेत. आत मार्थाआक्का. मेलेल्या माणसाच्या पायांत असला मोजा चढवणं सोपं नसतं. पाय वाकत नाहीत, कंबर उचलत नाही. म्हणून बाकीच्या बायका काय करतात, तर मोजा मागून उभा कापतात, नुसता वरून लावतात आणि कडा अंगाखाली खोचून टाकतात. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

एक पुतण्या दारातून म्हणाला, "मावशी, कापा की मागनं. कोण बगतंय?"

आतून आवाज आला, "ज्या बाईनं तुला शाळंत चड्डीची बटणं लावाय शिकवलं, तिला फाटकं घालून धाडू व्हय? बस भाईर. घाई जित्यांची असती."

मग बराच वेळ ती त्या शिक्षिकेशीच बोलत होती. "पाय द्या बाई. हां. आता दुसरा. जरा कंबर हलकी करा, झालंच." पुतणे एकमेकांकडे बघत होते. दार उघडलं तेव्हा बाई खुर्चीत बसून डुलकी घेत असाव्यात तशा दिसत होत्या. मार्थाआक्काच्या कपाळावरून घाम गळत होता.

तिची मुलगी स्टेला नर्स झाली आणि मस्कतला गेली. आक्काच्या तोंडून तिचं कौतुक मी कधी ऐकलं नाही. फक्त भांडताना ती मध्येच म्हणायची, "तिकडं तर असलं कापड पुसायला घेतात म्हणं." तेवढ्यावरून मी समजायचो की पोरीचं पत्र आलंय.

एका दुपारी ती दुकानात आली. "ते पांढरं दे," म्हणाली, "कमरंपतोरचं." मी काढून दिलं आणि मुद्दाम दुप्पट किंमत सांगितली, कारण बरेच दिवस भांडण झालं नव्हतं. लाल टाका होता तरी तिनं मोजा पसरला, शिवणी भिडवल्या, टाच उजेडात धरली. मग पैसे काढून काउंटरवर ठेवले.

"कोण गेलं, आक्का?"

"स्टेला."

कॅम्पात स्टेला नावाच्या तीन-चार तरी होत्या. "कुठली स्टेला?"

"माझी," ती म्हणाली आणि मोजा घडी करून पिशवीत ठेवला.

मोटारीला अपघात झाला होता. पेटी विमानानं मुंबईला आणि तिथून गाडीनं बेळगावला येणार होती. मी पैसे परत करायला लागलो. तिनं घेतले नाहीत. "मढ्याचं फुकट बी घ्यायचं नसतंय," म्हणाली.

पेटी आली त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो. चर्चच्या मागच्या खोलीत पेटी ठेवली होती. झाकण स्क्रूनं पक्कं केलेलं. सोबत आलेला माणूस सांगून गेला होता की उघडू नका, चेहरा बघण्यासारखा राहिलेला नाही. पाळकसाहेबांनी ठरवलं की उघडायचं नाही. डेव्हिडनंही तेच ठरवलं. मार्थाआक्का पेटीजवळ पिशवी पोटाशी धरून उभी होती. साऱ्या कॅम्पाच्या लेकी-सुना जिनं हातानं तयार केल्या, तिला स्वतःच्या लेकीला हात लावता येत नव्हता. माझं डोकं फिरलं.

"पेटी उघडा," मी म्हटलं.

"अर्जुनमामा, तुमी ह्यात पडू नका," डेव्हिड म्हणाला.

"का पडू नको? तुझी आई सगळ्या गावाची मढी तयार करती. तिच्या पोरीला तिनं न्हाय करायचं?"

पाळकसाहेब शांत माणूस. म्हणाले, "त्या आईनं ते तोंड बघितलं तर पुढं जगायचं कसं, याचा विचार करा."

मी व्यापारी आहे. समोरचा एका गोष्टीवर अडला, की तेवढी सोडून बाकीची मागायची. मी म्हटलं, "बरं, तोंड नको. झाकण काढा, पण कमरेच्या वरची चादर कुणी उचलायची न्हाय. फक्त पाय." ते नाही म्हणाले. मी म्हटलं, "खोलीत दुसरं कुणी नको. एकटी आक्का. दार लावून." ते गप्प झाले. गप्प झालेल्या माणसाला सोडायचं नसतं. मी म्हटलं, "चर्चची घंटा व्हायच्या आत झाकण परत लावून देतो. माझी जबाबदारी." डेव्हिडच्या डोळ्यांत पाणी होतं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "करा काय करायचं ते."

स्क्रू मीच काढले. झाकण सरकवून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. त्या दिवशी तिनं तपकीर ओढलेली मी ऐकली नाही. हात घासल्याचा आवाज मात्र आला. बराच वेळ. मग, "पाय दे गं," आणि त्यानंतर काहीच नाही. दुसऱ्या बायकांशी ती इतकं बोलायची. आपल्या पोरीशी एवढंच बोलली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत कापडाचा बोळा होता. तिकडच्या लोकांनी स्टेलाला नर्सचा पांढरा झगा आणि पांढरा चड्डीमोजा घातला होता. पण तो उलटा होता, मागचं पुढं, असं तिनं सांगितलं. आधी मागनं म्हणून कापला आणि मग चढवताना उलटला, त्यामुळं चिराही पोटावरच आलेला. टाचेची दाट वीण पावलावर वर आली होती. तिनं तो काढून आपल्या पिशवीतला घातला होता.

"झालं नीट?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

मी झाकण लावलं. घंटा व्हायच्या आत.

मला वाटलं होतं मी तिच्यासाठी मोठं काम केलं. पुढच्याच रविवारी चर्चच्या आवारात चार बायका बोलायला लागल्या की बाहेरचा दुकानदार येतो आणि आमची पेटी उघडवतो, हे कुठलं वागणं? मी तिथूनच जात होतो. मला राहवलं नाही, मी आत शिरून भांडायला लागलो. पाळकसाहेब मध्ये पडले. त्यांनी मार्थाआक्काला विचारलं, "तुम्ही यांना उघडायला सांगितलं होतं का?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मीही. एक शब्द पुरला असता.

"न्हाय," ती म्हणाली. "मी काय बी मागितलं नव्हतं."

मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "मढ्यावरनं घासाघीस केलीस तू, अर्जुना."

ती खोटं बोलली नाही, हे मला माहीत आहे. तिनं खरंच मागितलं नव्हतं. पण पिशवीत मोजा घेऊन, ती पोटाशी धरून, पेटीजवळ उभी होती ना? ते मागणं नाही तर काय? मी आयुष्यभर गिऱ्हाईक बघून ओळखत आलोय, ते तोंडानं मागायच्या आत. त्या दिवशी तेवढं चुकलो, असं मानायला मी तयार नाही.

त्यानंतर ती दुकानात आली नाही. भांडायलाही नाही आणि निमूट पैसे द्यायलाही नाही. कॅम्पातलं कुणी गेलं की बोलावणं यायचं तेव्हा ती म्हणायची, "मला आता दिसत न्हाय." तिचे डोळे चांगले होते. पुढे दुसऱ्याच बायका ते काम करू लागल्या. त्या मागून कापायच्या. चर्चच्या बायकांनी माझ्याकडची खरेदी हळूहळू थांबवली. घरभाडं, गाळ्याचं भाडं आणि वर ही बोलणी. शेवटी कंटाळून मी गाळा सोडला आणि निपाणीला आलो, हमरस्त्यालगत दुकान टाकलं. ते चालतं. मला कुणाची गरज नाही.

ती मला शेवटची दिसली निपाणीच्या स्टँडवर. डेव्हिडची बदली कोल्हापूरला झाली होती आणि बेळगावहून तिकडं जाताना तिची बस इथंच बंद पडली होती. दुसऱ्या गाडीची वाट बघत ती बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी. खूप बारीक झाली होती. मी चहा घेऊन गेलो. तिनं घेतला, बशीत ओतून प्याली. मी शेजारी बसलो. इतकी वर्षं जे मनात होतं ते विचारायला मला चहा संपेपर्यंत धीर धरावा लागला.

"आक्का, मी काय वाईट केलं, तेवढं सांगा."

तिनं रिकामी बशी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "पेटी उघडली नसती तर मी म्हटलं असतं, तिकडं बी कोण तर बाई असंल. माझ्यासारखीच. तिनं माझ्या पोरीला नीट तयार केलं असंल. रोज तेवढं म्हणायचं आणि झोपायचं. तू ती बाई मारलीस, अर्जुना."

मला राग आला. मला राग लवकर येतो. "मग काय, उलटं आणि फाटकं तसंच पुरायचं होतं?"

"व्हय," ती म्हणाली.

तेवढ्यात कोल्हापूरची गाडी लागली आणि माणसं दाराला झोंबली. मी लोकांना कोपरानं ढकलत तिला वर चढवलं, खाली आलो आणि पिशवी खिडकीतून आत दिली. तिनं ती घेतली. वारा आणि धूळ होती, म्हणून तिनं खिडकीचं शटर खाली ओढलं. ते निम्म्यावर अडकलं. तिचं तोंड दिसेना. खालच्या फटीतून हात तेवढे दिसत होते, पिशवीवर ठेवलेले.

मी ओरडून कंडक्टरला सांगितलं, "म्हातारीला कोल्हापुरात हाताला धरून उतरव रं." त्यानं घंटी मारली. ऐकलं की नाही, मला माहीत नाही.